लहानूभाऊंची उभी पेटी

लहानूभाऊ, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराखाली चार महिने एक लाकडी पाचर होती. वाऱ्याने दार आपटायचं, म्हणून मी ती खाली सरकवून ठेवली होती. सागाची, चांगली घासून गुळगुळीत केलेली, एका बाजूला दोन बोटं जाड आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली. तिची जोडीदारीण मागच्या दाराला होती. या दोन पाचरी कशाच्या आहेत हे मला परवा कळलं. तोवर तुम्हाला जाऊन आठवडा झाला होता.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, तुमी शाळा शिकवली का नुसती हजेरी घेतली?" म्हणा. आज मी उलट बोलणार नाही.

पेपरात तुमची बातमी आली. चार ओळी, एक जुना फोटो आणि वर 'साऊंडवाले' म्हणून उल्लेख. हा शब्द तुम्हाला किती झोंबायचा, ते मला माहीत आहे. "आवाज काय, गाढवाला बी असतो," असं तुम्ही म्हणायचात. "मी शब्दवाला हाय." कोल्हारच्या रस्त्याला तुमचं दुकान होतं, त्यावर पाटीसुद्धा 'माईक मिळेल' एवढीच. बातमी देणाऱ्याची चूक नाही. लग्नाला, सभेला, दहाव्याला माईक आणून देणारा माणूस साऊंडवालाच असतो. तुम्ही त्याहून वेगळं काही करत होतात, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यातली एक मी, आणि घात केला तो मीच. ते पुढे सांगते.

आपली ओळख भांडणाने झाली. मी या गावात शिक्षिका म्हणून नवीन होते आणि शाळेला नवा हॉल मिळाला होता. सिमेंटच्या कोऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, वर उंच पत्रा. पहिल्याच स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली मी, काय तोऱ्यात बोलले होते! कार्यक्रम संपल्यावर तुम्ही वायरीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन समोर आलात. एवढा उंच माणूस आणि नाव लहानू, हे ऐकून मला हसूच आलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचा आवाज लई ग्वाड हाय. पन मागं शब्द एक बी आला न्हाई."

मी भडकले. म्हटलं, "मग आवाज वाढवायचा होतात."

"वाढवला की भिती बी मोठ्यानं बोलत्यात," तुम्ही म्हणालात. "एकट्या तुमी बोलला तर समजंल. हितं तुमी बोलता, पत्रा बोलतो, फरशी बोलती. कुनाचं ऐकायचं?"

मी चार दिवस रागात होते. पाचव्या दिवशी तुम्ही शाळा सुटताना दारात उभे. तुम्हाला वाचणारं माणूस हवं होतं. "मला स्पीकरची पेटी करता येती. पन ती बराबर झाली का न्हाई ते बघायला कोनी तरी सारखं तेच ते बोलाया पायजे. माझी मानसं दोन मिनिटांत कंटाळत्यात." मी शिक्षिका. तेच ते बोलण्याचा पगार घेणारी. मी हो म्हटलं.

ती यादी आपण शाळेच्या ओट्यावर बसून केली. पाट, ताट, वाट, खाट, घाट, लाट, गाठ, काठ, साठ, आठ. सगळे शब्द एकमेकांसारखे, ओळखायचं फक्त पहिल्या अक्षरावरून. मी माईकवर ते उलटसुलट क्रमाने वाचायचे आणि तुम्ही मागच्या रांगेत पाटी घेऊन बसायचात. 'साठ'चा 'आठ' झाला की तुम्ही समजायचात, वरचा बारीक आवाज कुठेतरी मरतोय. 'घाट'ची 'वाट' झाली की घुमारा जास्त. मी सुचवलं होतं, 'बाण' घाला, 'पाणी' घाला. तुम्ही म्हणालात, "न आनि ण ह्यात फरक काय?" मी अर्धा तास समजावलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. ज्याला बोलताच येत न्हाई त्याला ऐकू कुठनं येनार?" आणि स्वतःच खदखदून हसलात. तुमच्या यादीत ण कधी आलाच नाही.

आणि तो नियम! मागे बसलेल्याने 'हो, ऐकू आलं' असं म्हणायचं नाही. जे ऐकलं ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. "मानसं लाजंनं हो म्हनत्यात, बाई. मान हालवत्यात. हो म्हनायचं न्हाई. काय म्हनलं ते म्हना." मी वर्गात हाच नियम लावला. पोरांना 'समजलं का?' विचारणं मी त्या वर्षापासून बंद केलं. त्याचं श्रेय तुम्हाला कधी दिलं नाही, ते आज देते.

मागच्या रांगेत तुम्ही कुणाकुणाला बसवून पाहिलंत. ग्रामसेवक, कंपाउंडर, माझे सहकारी शिक्षक. शेवटी पसंत पडल्या त्या शांतावहिनी, तुमच्या घरच्या. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. "शिकलेला मानूस चुकीचं ऐकतो आनि मनात दुरुस्त करून सांगतो," असं तुमचं म्हणणं. "ही जे कानावर पडलं तेच सांगती." वहिनी डाव्या बाजूला, शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायच्या. मी 'घाट' म्हटलं आणि त्यांना 'खाट' ऐकू आलं की तिथूनच ओरडायच्या, "अवो, तुमचा घाट खाटंवर पडला!" तुम्ही लगेच स्क्रूड्रायव्हर काढायचात.

ती उभी पेटी तुम्हाला कुठे सापडली ते मला तोंडपाठ आहे, इतक्या वेळा ऐकलंय. एका जुन्या दगडी चर्चमध्ये तुम्ही वायरिंगला गेला होतात. उंच छत, चारी बाजूंना दगड, आणि खांबाला एक अरुंद, माणसाएवढी लांब पेटी टांगलेली, बंद पडलेली. तुम्ही ती उघडलीत. आत लहान लहान आठ स्पीकर एकाखाली एक. वरच्या दोन आणि खालच्या दोन स्पीकरांपुढे जाड लोकरीची चिंधी लावलेली. तुम्हाला वाटलं उंदरांनी घर केलंय. ती चिंधी तुम्ही ओढून उकिरड्यावर फेकलीत, पेटी दुरुस्त केलीत आणि लावून बघता तर दोन पावलं चाललं की शब्द बदलतोय. इथे टोचतोय, तिथे मरतोय. आठ दिवस तुम्ही डोकं धरून बसलात. मग एकदम उमगलं की चिंधी मुद्दाम लावलेली होती. बारीक आवाज मधल्या स्पीकरांतूनच मोकळा सुटावा, कडेच्यांनी नुसता आधार द्यावा, अशी ती योजना. उकिरडा तोवर शेतात गेला होता. मग तुम्ही तुमच्या वडिलांचं घोंगडं कापलंत. त्यावरून वहिनी तुमच्याशी किती दिवस बोलल्या नाहीत, ते मी इथे लिहीत नाही.

त्यानंतरच्या तुमच्या प्रत्येक पेटीत घोंगड्याचे तुकडे असायचे. टोकाला जाड, मग पातळ, मध्ये काहीच नाही. पेटीला कान लावला की लोकरीचा वास यायचा.

मला शास्त्र समजत नव्हतं, तेव्हा तुम्ही मला पाण्यावर समजावलंत. "भोंगा म्हंजी पाऊस. छतावर बी पडतो, भितीवर बी पडतो. ह्यी पेटी म्हंजी पाटाचं पानी. वर जात न्हाई, खाली जात न्हाई, सरळ वाफ्यात." आणि मग ते वाक्य, जे मी नंतर दहा ठिकाणी दहा जणांना ऐटीत सांगितलं: "पेटी उभी तर आवाज आडवा पसरतो, मानसांवरनं. पेटी आडवी केली की आवाज उभा ऱ्हातो, छताला जातो. आनि बाजूची मानसं कोरडी ऱ्हात्यात." मला हे पाठ होतं, लहानूभाऊ. माझ्यासारखं पाठ दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

अकोले तालुक्यातली ती निवासी शाळा आठवते? जीपमध्ये पुढे आपण दोघं, मागे पेटी गोधडीत गुंडाळून, आणि तिच्या शेजारी दोन बायका भाताच्या रोपांच्या जुड्या घेऊन. पत्र्याच्या लांबच लांब जेवणघरात तुम्ही पेटी उभी केलीत, तिची मान जराशी पुढे झुकवलीत आणि मी यादी वाचली. शेवटच्या ताटावरच्या चिमुरडीने दहाच्या दहा शब्द परत म्हणून दाखवले आणि वर विचारलं, "बाई, ताट म्हंजी वाढनार का?" तुम्ही हसता हसता डोळे पुसलेत. मला वाटलं, हसण्याचं पाणी.

परतीच्या वाटेवर तुम्ही आईचं सांगितलंत. डोळ्यांचं शिबिर होतं, मोठ्या हॉलमध्ये. माईकवरून नावं पुकारत होते आणि ज्याचं नाव येईल त्याने बाहेरच्या गाडीत बसायचं, ऑपरेशनला न्यायला. आई मागच्या भिंतीला टेकून सकाळपासून बसली होती. संध्याकाळी हॉल झाडायला आलेल्या बाईने तिला उठवलं. तिचं नाव तीनदा पुकारलं होतं म्हणे. "आवाज तिला दिवसभर येत हुता, बाई. नाव आलं न्हाई." पुढच्या शिबिरापर्यंत तिचा एक डोळा गेला. तुम्ही हे सांगताना रस्त्याकडे बघत होतात, आवाजसुद्धा हलला नाही. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. निदान हात धरायला हवा होता.

आपली कायमची तक्रार माझ्या आवाजावरून. तुम्ही खालचा घुमारा कापायचात आणि माझा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा यायचा. माझ्या आवाजात एक गोडवा आहे, असं लोक म्हणतात. मलाही तो आवडतो, आता काय लपवायचं. मी म्हणायचे, "माझ्या आवाजाचं वाटोळं करता तुम्ही." तुम्ही म्हणायचात, "गोडवा हाय त्योच मागं जाऊन भितीला चिकटतो. तुमाला ग्वाड वाटायचंय का समजायचंय?" जामखेडला एका मंगल कार्यालयाचा मालक म्हणाला, "आवाज छातीत बसला पाहिजे." तुम्ही पेटी परत टेम्पोत चढवलीत. "छातीत बसवायचा आसंल तर ढोल आना," एवढंच बोलून गाडीत बसलात. सबंध रस्ता मी तुमच्याशी वाद घातला की गिऱ्हाईक असं तोडू नये. तो वाद अर्धाच राहिला. माझं अजून तेच म्हणणं आहे, हे नोंदवून ठेवते.

आता विहाराचं.

आपल्या गावचं नवं बुद्धविहार उभं राहिलं, वर मोठा घुमट, खाली पांढरी फरशी. मी समितीची सचिव. तुम्ही म्हणालात, "ह्या दोन पेट्या माझ्याकडनं. हितं शब्द नीट आला पायजे. आपल्या मानसांनी लई वर्सं मागं बसून नुसता आवाज ऐकलाय." तुम्ही पेट्या करत होतात तेव्हा एकदा फोन आला. "बाई, त्या भितीवरच्या झाडाच्या खोडाचा रंग कसा हाय? चहावानी का गुळावानी?" माझ्यासमोर कागदांचा ढीग होता. "गुळासारखा," म्हटलं आणि फोन ठेवला. का विचारता, एवढंसुद्धा विचारलं नाही.

झाड म्हणजे ते पिंपळ. मूर्तीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मी दोन पिंपळ रंगवून घेतले होते. नगरहून पेंटर बोलावला, पाच दिवस शिडीखाली उभी राहून एकेक पान त्याच्याकडून काढून घेतलं. शिरा दिसल्या पाहिजेत, टोक लांब हवं, खोड जाड हवं. गावात सगळे म्हणायचे, बाईंनी काय झाडं काढून घेतलीत! मला ते ऐकायला फार आवडायचं.

पेट्या आल्या तेव्हा तुम्हाला ताप होता. निरोप आला, "बसवायला यायला जमत न्हाई. पन उभी लावायची ह्ये बाईंना काय सांगायचं?" बरोबर एक पिशवी होती. तिच्यात स्क्रू, पट्ट्या आणि त्या दोन पाचरी. पेट्या नेहमीच्या राखाडी नव्हत्या, तपकिरी होत्या. मला वाटलं राखाडी रंग संपला असेल.

समितीचे अध्यक्ष अण्णा वायरमनला हाताशी घेऊन शिडीवर चढले, पेटी वर पानांपाशी भिंतीला लावून बघितली आणि म्हणाले, "बाई, झाड झाकतंय की वो. आडवी लावली तर? वर, मूर्तीच्या कमानीच्या वर?"

मी पिंपळाकडे पाहिलं.

"आडवी चालते का पन?" अण्णांनी पुन्हा विचारलं.

"चालते," मी म्हटलं.

हे मी म्हटलं, लहानूभाऊ. अण्णांनी नाही, वायरमनने नाही. गावात त्या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं आणि त्या माणसाने 'चालते' म्हटलं. पाचरी कशाच्या ते कुणाला कळेना, तेव्हा मी त्या घरी आणल्या.

उद्घाटनाच्या दिवशी मी बोलत होते आणि समोरच्या मधल्या रांगा माना डोलवत होत्या. माझा आवाज घुमटात चढून गोल गोल होऊन परत येत होता आणि खरं सांगते, मला तो छान वाटत होता. तेवढ्यात तुम्ही दिसलात. तुम्ही डाव्या बाजूला गेलात, जिथे बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या. शेवटच्या रांगेत दाराजवळ वहिनी. तुम्ही नुसती भुवई उडवलीत. वहिनींनी मान हलवली, नाही म्हणून. मग तुम्ही वर पेट्यांकडे पाहिलंत, बराच वेळ. मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तुम्ही चपला घातल्यात आणि न जेवता निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तुम्ही एकच बोललात. "मानूस मेल्यावर आडवा हुतो, बाई. माझी पेटी जित्ती हुती."

मी म्हटलं, "एवढ्याशा गोष्टीवरून?"

"एवढीशी न्हाई," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

मग चार महिने. कोल्हारच्या स्टँडवर दोनदा गाठ पडली. "जयभीम, बाई." "जयभीम, लहानूभाऊ." एवढंच. प्रत्येक पेटीला चार स्क्रू होते. ते काढायला मला चार महिने पुरले नाहीत. काढले असते तर चार लोकांत कबूल करावं लागलं असतं की मी जाणूनबुजून चुकीचं सांगितलं. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल शाईने चुका दाखवणाऱ्या बाईला स्वतःची एक चूक दाखवता आली नाही.

शेवटी एका दुपारी हिय्या करून मी तुमच्या घरी आले. वहिनी ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "आडवे झालेत जरा. उठवू का?"

"नको, नको," मी म्हटलं. "उद्या येते."

मला हायसं वाटलं होतं, लहानूभाऊ. परत जाताना माझी पावलं हलकी पडत होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आले नाही, काहीतरी निमित्त काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला.

तुमचा जलदान विधी विहारात ठरला. मी अण्णांना म्हटलं, "त्याआधी पेट्या उभ्या करायच्या." अण्णा म्हणाले, "आन् तुमचं झाड?" मी म्हटलं, "झाड गेलं खड्ड्यात." अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, 'चालते' म्हटलं होतं तेव्हा मला काय ठाऊक होतं ते. अण्णा उठून शिडी आणायला गेले.

परवा आम्ही पेट्या उतरवल्या. पाठीवर एका टोकाला तुमच्या हाताने पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'वर'. पहिली पेटी पिंपळाच्या भिंतीला, खोडापाशी उभी टेकवली आणि अण्णा शिडीवरून खाली उतरले. चार पावलं मागे गेले. म्हणाले, "बाई, पेटी कुठं गेली?"

पेटी खोडात गेली होती. गुळाच्या रंगाचं खोड, गुळाच्या रंगाची पेटी. रुंदी खोडाएवढीच, उंची पहिल्या फांदीपर्यंत. तुम्ही कधीतरी येऊन मोजून गेला होतात, मला न सांगता. पुढच्या कापडावर ब्रशने सालीच्या चार रेघासुद्धा ओढल्या होत्या, ज्या आडव्या पेटीवर नुसत्या डागांसारख्या दिसायच्या. एकही पान झाकलं गेलं नाही, लहानूभाऊ. माझ्या झाडाची काळजी तुम्ही माझ्याआधीच घेतली होती.

मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. अण्णा बिचारे उगीचच पट्ट्या पुसत राहिले. मग म्हणाले, "हितं वरच्या अंगाला एक खाच हाय. काय तरी बसत आसंल. पाचरीवानी."

मी घरी गेले, दोन्ही दारांखालून पाचरी काढल्या आणि पदरात घालून आणल्या. त्या खाचेत गपकन बसल्या. पेट्यांनी मान जराशी पुढे झुकवली, मागच्या रांगेकडे बघत असल्यासारखी.

काल विहार भरलं होतं. अकोल्याकडची माणसं आली होती, चर्चमधले एक म्हातारे गृहस्थ आले होते. वंदना झाली, विधी झाला. मग वहिनी पुढच्या जागेवरून उठल्या आणि चालत मागे गेल्या, डाव्या बाजूला, शेवटच्या रांगेत, दाराजवळ. अण्णा म्हणाले, "वहिनी, पुढं बसा. आज तुमी पुढं पायजे." वहिनी म्हणाल्या, "माझी जागा मागंच हाय."

मी दोन पानांचं भाषण लिहून नेलं होतं. चांगलं होतं. माईकसमोर उभी राहिले आणि ते घडी घालून ठेवून दिलं. माझ्या तोंडून निघालं, "साठ."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून वहिनींचा आवाज आला, "साठ."

"घाट."

"घाट."

"वाट. खाट. आठ."

"वाट. खाट. आठ." मग उरलेले पाचही. एकही शब्द पडला नाही. दहाच्या दहा. माझा आवाज पातळ येत होता, पत्र्यासारखा, तुम्हाला हवा तसा. घुमट गप्प होता. मला वाटलं, आता तुम्ही मागे पाटीवर रेघ ओढाल.

मग मला जे तुमच्या ओट्यावर येऊन म्हणायचं होतं ते मी म्हटलं. सगळ्यांसमोर, माईकवर, यादीतल्या शब्दासारखं एकेक अक्षर सुटं करून.

"लहानूभाऊ, चुकलं माझं."

पुढच्या रांगांनी माना हलवल्या. माणसं हलवतातच. मी त्यांच्यावरून मागे पाहत राहिले. वहिनी उठून उभ्या राहिल्या, एक हात दाराच्या चौकटीला धरून. त्यांना तुमचा नियम माहीत होता. हो म्हणायचं नाही.

"'लहानूभाऊ, चुकलं माझं' म्हनल्या बाई," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आलं मागपतुर. बोला पुढं."